कमानीवरचं तोंड

पोह्यांच्या बशा मी स्टुलावर ठेवल्या आणि नमस्कार करायला वाकले. सरळ झाले तेव्हा मुलगा माझ्याकडे बघत होता.

बघायला आलेली मुलं कशी बघतात हे मला तोवर पाठ झालं होतं. आधी पायांकडे, मग बांगड्यांकडे, आणि थोरली माणसं बोलण्यात गुंतली की पटकन एकदा तोंडाकडे. हा जयवंत तसा नव्हता. त्याने सरळ तोंडाकडेच बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. हातात घेतलेली बशी त्याने तशीच मांडीवर धरून ठेवली आणि पुढे सगळा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला. मला वाटलं, झालं, भुवई दिसली.

माझ्या डाव्या भुवईत एक फट आहे. लहानपणी आजोबांचा आवा, मडकी भाजायची भट्टी, उघडताना गरम खापरी उडून लागली होती, तिथे पुन्हा केस आले नाहीत. कुणी बघायला येणार असलं की आई काजळाच्या काडीने ती फट भरून द्यायची. त्या दिवशी पोह्यांच्या गडबडीत ते राहून गेलं होतं.

जयवंतचा चुलता मात्र मोकळा माणूस होता. त्याने मला नाव विचारलं, शाळा विचारली, आणि आण्णांना म्हणाला, "पाव्हणं, तुमचं काम तरी दावा. लई ऐकून हाय." आण्णांना एवढंच पाहिजे असायचं. पोहे अर्धे टाकून ते पाहुण्यांना मागच्या अंगणात घेऊन गेले.

आम्ही कुंभार, पण आमच्या घरी मडकी घडवणं आजोबांबरोबर संपलं. आण्णा, म्हणजे माझे वडील ईश्वरा कुंभार, आधी गणपती करायचे. पुढे तासगावच्या बाजूला द्राक्षांचा पैसा आला आणि जो तो बंगला बांधायला लागला. बंगल्याला दगडी खांब पाहिजेत, जाळ्या पाहिजेत, कठडे पाहिजेत. घडीव दगड आणायचा तर बंगला राहायचा अर्धा. आण्णांनी तो दगड ओतायला सुरुवात केली. काळ्या दगडाची कच, सिमेंट, रंगाला थोडी काजळी, आणि लाकडाचा किंवा प्लॅस्टरचा साचा. साच्याला आतून तेल लावायचं, माल ओतायचा, ठोकून ठोकून त्यातली हवा काढायची. निघालेल्या नगावर ओलं गोणपाट टाकून पोराला न्हाऊ घालावं तसं रोज पाणी मारायचं. वाळल्यावर वरून टाकीने बारीक टोचलं की भलाभला पाथरवटसुद्धा हात लावून बघायचा. आण्णांनी मात्र आपला माल घडीव आहे असं कधी कुणाला सांगितलं नाही. ते म्हणायचे, "ओतल्याला हाय. पन दगडच हाय."

अंगणात त्या दिवशी कठड्याचे खांब उभे होते, आणि भिंतीकडेने एका ओळीत ओल्या गोणपाटाखाली बायकांची तोंडं. दरवाजाच्या कमानीवर मधोमध बसवायची, लक्ष्मीची. चुलत्याने एक गोणपाट उचललं, तोंडाकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. जयवंत अंगणाच्या दारातच थांबला होता.

ती तोंडं माझी होती.

मी नववीत असताना आण्णांना एका बंगल्याचं काम आलं. मालकाला कमानीवर लक्ष्मी पाहिजे होती, पण कॅलेंडरातली नको, जिवंत वाटेल अशी. आण्णांनी शाडूची तीन-चार तोंडं केली आणि मोडली. मग एका दुपारी त्यांनी मला अंगणात आडवं केलं, तोंडाला खोबरेल चोपडलं, नाकात पपईच्या देठाच्या दोन नळ्या घातल्या आणि वर प्लॅस्टर ओतलं. "हसू नगंस," एवढंच म्हणाले. हसू नको म्हटलं की हसू येतंच, पण प्लॅस्टर गरम व्हायला लागलं तशी माझी पाचावर धारण बसली. निघालं तेव्हा त्यात सगळं होतं, भुवईतली फटसुद्धा. आई म्हणाली, तेवढी तरी बुजवा. आण्णा म्हणाले, "असू दे की. लक्ष्मीला बी कवातरी लागलं असंल."

साच्यात डोळे मिटलेले होते. आण्णांनी त्यातून काढलेल्या मातीच्या तोंडावर पापण्या उघडल्या, पण बुबुळं केली नाहीत. ती ते कधीच अंगणात करत नसत. हे त्यांचं गणपतीपासूनचं होतं. डोळे उघडायचे ते शेवटी, देव जिथे बसायचा तिथे. तोंड कमानीवर बसलं, घरभरणीचा दिवस ठरला, की आण्णा अंघोळ करून तिथे जायचे, शिडी चढायचे आणि एका जुन्या खिळ्याने दोन बुबुळं कोरायचे. मग नारळ. त्याच्या आधी तो दगड, त्याच्या नंतर ती लक्ष्मी. मालकाने घाई केली तरी ऐकायचे नाहीत. कितीतरी घरांच्या दारावर त्यांनी असे माझे डोळे उघडले होते. मी एसटीने मामाच्या गावाला जायची तेव्हा वाटेत मलाच मी दिसायची. मैत्रिणी चिडवायच्या, "मालन, तुझा बंगला आला बघ." मला त्याची लाज वाटायची, पण ती गोड लाज होती. खोटं कशाला बोलू, खिडकीजवळची जागा मी सोडायची नाही.

पाहुणे गेले आणि आठवड्याने खंडूमामा निरोप घेऊन आला. खंडूमामा आईचा चुलतभाऊ, स्थळ त्यानेच आणलेलं. मी चुलीपुढे होते. आमच्या घरात आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू यायचंच.

मामाने आधी चहा घेतला. मग म्हणाला की मुलगी पसंत आहे. घरी वीटभट्टी आहे, दोन टेम्पो आहेत, मुलगा स्वतः हायवेला विटा पोचवतो, निर्व्यसनी आहे. देण्याघेण्याचं काही नाही. फक्त एक अडचण आहे.

आण्णा म्हणाले, बोल.

"दाजी, तुमचं तोंड हाय ते... म्हंजी मालनचं... ते हायवेवरच्या लॉजवर हाय म्हणं. चांदणी लॉज. बार बी हाय तितं. आनि वरच्या खोल्यांचं तर तुमास्नी ठावं हाय, कसल्या कामाच्या त्या."

चुलीतलं लाकूड पुढे सारायचं होतं, माझा हात तिथेच राहिला.  मग आण्णांचा आवाज आला, फार लहान. ते म्हणाले की ते घर होतं.

त्यांना घर म्हणूनच सांगितलं होतं. एका कंत्राटदाराने तोंड नेलं होतं आणि नंतर डोळे उघडायला आण्णांना हायवेवर बोलावलं होतं. इमारत अर्धवट होती, पाटी नव्हती, रंग नव्हता. पुष्कळ खोल्या होत्या. आण्णा घरी येऊन कौतुकाने आईला म्हणाले होते की एवढ्या खोल्या म्हणजे भावाभावांत चांगलं जमत असलं पाहिजे. त्यांनी तिथे अंघोळ करून जाऊन डोळे उघडले होते, नारळ फोडला होता, आणि त्या घराला सुख लागो म्हणून हात जोडले होते.

"कुणी बघितलं?" आण्णांनी विचारलं.

"कुनीतरी जाता-येता बघितलं असंल. हायवेच त्यो," मामा म्हणाला. "पन मानसं समजूतदार हाईत, दाजी. फोडा म्हणत न्हाईत. निस्तं डोळं बुजवा म्हणत्यात. आपल्यातलीच हाईत, त्यास्नी कळतंय. डोळं बुजलं की त्यो दगुड. मग कुनाचं का तोंड असंना."

आण्णांनी सुस्कारा टाकला. मला आठवतंय, त्या सुस्काऱ्यात सुटका होती. खरंच समजूतदार माणसं, असं आईही म्हणाली. दुसरं कुणी असतं तर स्थळ मोडून वर गावभर बोंब मारली असती.

बोंब त्यांनी मारली नाही, पण ती झालीच. मामा घरातून नळापर्यंत गेला असेल तेवढ्यात ती झाली. दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन गेले तर बायका एकदम कसल्याशा भाजीबद्दल बोलायला लागल्या. सायकलवरची पोरं "चांदणी, चांदणी" म्हणत पुढे जायची. एकाने विचारलं, खोली मिळंल का? मी घागर तिथेच सोडून घरी आले. आईने विचारलं नाही, स्वतः जाऊन घागर आणली.

लाज म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चोरी पकडली गेली की वाटते, परीक्षेत नापास झालं की वाटते, तेवढीच मला माहीत. ही वेगळी होती. मी काही केलंच नव्हतं, त्यामुळे कशाची माफी मागावी हेही कळत नव्हतं. आरशासमोर गेले की वाटायचं, हे तोंड आत्ता तिथेही आहे, डोळे उघडे ठेवून. तिथे कोण येतं, कोण जातं, कसल्या अवस्थेत, सगळं ते बघतंय. मग मला माझ्याच डोळ्यांची किळस यायची. मी आरसा पालथा घातला. अंगणातल्या तोंडांवर आण्णांनी दुहेरी गोणपाटं टाकली आणि पाणी मारायचं काम आईवर सोडून दिलं. ते माझ्याकडे बघत नसत. मी वाढायला गेले की ताटाकडे बघायचे. बाप आपल्याकडे बघत नाही याची लाज सगळ्यात वाईट होती.

जायचं ठरलं त्या दिवशी सकाळी आण्णांनी पिशवीत थापी घेतली, डब्यात कालवायला सिमेंट आणि कच घेतली. खिळाही घेतला, तो त्यांच्या पिशवीत कायमच असायचा. मी म्हटलं, मीपण येते. आई नको म्हणाली. आण्णांनी अडवलं नाही, म्हणून मी चप्पल घातली. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक ते डोळे बुजलेले मला स्वतः बघायचे होते, त्याशिवाय मला झोप लागली नसती.

एसटीतून उतरल्यावर मी ओढणी डोक्यावरून घेऊन तोंडापर्यंत ओढली. उन्हाचं निमित्त होतं. चांदणी लॉज दुरूनच दिसलं. गुलाबी रंग, वर मोठी पाटी, पुढे उभे ट्रक. मी ओढणीच्या फटीतून तोंड शोधायला लागले. दरवाजावर नव्हतं. खिडक्यांवर नव्हतं. गच्चीच्या कठड्यावर आण्णांच्याच साच्यातले खांब होते, पण तोंड कुठेच नव्हतं. मला वाटलं, काढलं असेल. जीव भांड्यात पडला.

आण्णाही रस्त्यातच थांबून वर बघत होते.

"ही भिंत तवा नव्हती," ते म्हणाले.

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. ते काय म्हणतात ते आत गेल्यावर दिसलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पुढचा हॉल बांधलेला नव्हता, जिना रस्त्यावरून दिसायचा. आता पुढे बार झाला होता, आणि जिना त्याच्या मागे, एका अरुंद चौकात गेला होता.

काउंटरवरच्या मॅनेजरला आण्णांनी हात जोडून कशाला आलो ते सांगितलं. मला वाटलं होतं तो हाकलून देईल. तो हसला.

"बुजवा की, काका. आम्हीच बुजवनार हुतो. मालक म्हणत्यात, गिऱ्हाईकास्नी ते आवडत न्हाई. वर जाताना कुनीतरी बघतंय असं वाटतंय म्हणं. मागं रंग मारून घेतला, तरी बघतंयच." त्याने शिडी कुठे आहे ते सांगितलं आणि पुन्हा रेडिओकडे वळला. माझ्याकडे त्याने नजरसुद्धा टाकली नाही.

चौकातून जिना वर जात होता. तो मधल्या एका सपाट पट्ट्यावर वळायचा आणि तिथून पुढच्या पायऱ्या खोल्यांच्या व्हरांड्यात निघायच्या. त्या वरच्या टोकाला कमान होती आणि कमानीवर मी होते. खालून मी दिसत नव्हते. पट्ट्यावर चढून वळलं की एकदम समोर. लॉजच्या माणसांनी भिंतींबरोबर तोंडालाही गुलाबी ऑइलपेंट फासला होता. गालावरून एक ओघळ येऊन तसाच वाळला होता.

व्हरांड्यात एक बाई चादरींचा ढीग घेऊन बसली होती. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, वय आईएवढं. आम्हाला शिडी लावताना बघून तिने विचारलं काय चाललंय. आण्णांनी सांगितलं, डोळे बुजवायचेत.

"कशापायी?" ती म्हणाली.

 आण्णांनी डब्यात सिमेंट कालवलं, थापी घेतली आणि शिडी चढायला लागले. मी शिडी धरली होती. अर्ध्यावर जाऊन ते थांबले. तोंड त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं.  मग एक एक पायरी करत खाली आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"माझ्यानं हुयाचं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "उघडल्यालं डोळं आजवर कवा बुजवलं न्हाईत मी."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि मला रडायला वेळ नव्हता. लग्न माझं होतं. मी त्यांच्या हातातून थापी आणि डबा घेतला. ओढणी आड यायला लागली म्हणून कमरेला खोचली, आणि शिडी चढले.

त्या बाईने तेव्हा मला नीट बघितलं. तिने कमानीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "आगं बया," ती म्हणाली, "ही तूच न्हवं का?"

मला वाटलं शिडीवरून पडावं आणि मरावं. मी म्हटलं, व्हय.

ती चादरी बाजूला सारून उठली. तिचं नाव गंगव्वा. खोल्या झाडणं, चादरी धुणं हे तिचं काम होतं. ती शिडीखाली येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली, कुणी ऐकू नये म्हणून नाही, देवळात बोलतात तसं.

"मी रोज हात जोडतो हिला. शुक्रवारी कुकू लावतो, पन हात पोचत न्हाई, म्हणून खाली भिंतीला लावतो. बघ की." खाली खरंच होतं. कमानीच्या बुडाला भिंतीवर कुंकवाची बोटं, एकावर एक, पुष्कळ शुक्रवारांची. "हितं येनारा बाप्या आमच्याकडं बघतच न्हाई, बाय. बघितलं तरी मानूस हाय असं बघत न्हाई. पन हितं वळला की ही दिसती, आनि मान खाली जाती त्येची. हिच्या म्होरनं जो जातो त्यो मान खाली घालून जातो. एक-दोघं तर हितनंच माघारी फिरल्यालं बघितलंय मी. एवढंच सुख हाय हितं."

मी शिडीवर होते. माझं तोंड माझ्यासमोर होतं, वीतभर अंतरावर. भुवईतली फट रंगाने भरून गेली होती आणि ती आता कुणालाही दिसली नसती. उजवं बुबुळ रंगाने बुजलं होतं, डाव्यात थोडा खळगा राहिला होता. त्या एवढ्याशा खळग्यातून ते खाली पट्ट्याकडे बघत होतं.

मी मान वळवून त्याच्याबरोबर खाली बघितलं. तिथून चौक दिसत नव्हता. बार दिसत नव्हता. हायवे तर नाहीच. जाता-येता हे तोंड कुणाला दिसणं शक्य नव्हतं. त्यासाठी जिना चढायला लागत होता, पट्ट्यावर वळायला लागत होतं, आणि वर बघायला लागत होतं.

मला पोह्यांची बशी आठवली. माझ्या तोंडाकडे बघून उतरलेला तो चेहरा, अंगणाच्या दारात थांबलेले पाय. भुवई नव्हती ती. माझ्या घरी, माझ्या आईच्या हातचे पोहे मांडीवर घेऊन त्याने वर बघितलं तेव्हा त्याला हा जिना दिसला होता. आणि त्याला हे डोळे घरी नेऊन रोज सकाळी समोर ठेवायचे होते, पण आधी इथले बुजवून. समजूतदार माणसं. फोडा म्हणाली नव्हती.

मला राग आला असेल असं कुणालाही वाटेल. तो नंतर आला. आधी लाजच वाटली, आणि ती त्याच्यासाठी वाटली. माणूस उघडा दिसला की आपणच नजर वळवतो, तशी. मग आठवलं की नळावरून घागर टाकून मी पळाले होते, आरसा पालथा घातला होता, बापाने ताटाकडे बघून जेवण केलं होतं. ती सगळी लाज दुसऱ्याच कुणाची होती आणि आम्ही घरभर ती वागवत होतो. एवढं कळूनही ती अंगावरून गेली नाही, हे सांगितलं पाहिजे. ज्याची त्याला देऊन टाकता यावी अशी ती वस्तू नसते. आजही कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की माझा हात ओढणी शोधतो, आणि आता तर मी ओढणी घेतही नाही.

डब्यातलं सिमेंट घट्ट व्हायला लागलं होतं. मी वरूनच आण्णांना म्हटलं, "आण्णा, खिळा द्या."

"खिळा कशाला?" आण्णा म्हणाले. मी हात खाली लांबवला. त्यांनी पिशवीत हात घातला आणि खिळा गंगव्वाच्या हातात दिला, तिने तो मला दिला.

ऑइलपेंट वाळून कडक झाला होता. आधी मी उजव्या डोळ्यात खिळा घातला आणि गोल फिरवला. रंगाची सालं निघून माझ्या हातावर, छातीवर पडायला लागली. आतून काळा दगड दिसला, आण्णांनी कोरलेला खळगा तसाच होता, काठसुद्धा झिजले नव्हते. मग डावा. माझ्या वयाच्या पोरी तेव्हा रुमालावर फुलं काढत होत्या. मी जन्मात पहिल्यांदा हे काम करत होते. शेवटी भुवईतली फट मोकळी केली. ती नसती केली तरी चाललं असतं, पण मग ती मी झाले नसते.

"झालं?" खालून आण्णांनी विचारलं.

"झालं."

मी शिडी उतरून बाजूला झाले. आण्णा उठले आणि पट्ट्यावर जाऊन उभे राहिले, जिथे वळणारा प्रत्येक माणूस उभा राहत असेल तिथेच. त्यांनी वर बघितलं. गुलाबी तोंड, आणि त्यात ते दोन काळे डोळे, आधीपेक्षा जास्त काळे.  हे लग्न मोडलं आहे हे मला कळत होतं, पण ते मोडायचा मला काय अधिकार होता ते ठाऊक नव्हतं.

आण्णांनी डोळ्यांकडे बघितलं. मग त्यांची नजर तिथून खाली पायऱ्यांवर आली, पट्ट्यावर, स्वतःच्या पायांवर. मग पुन्हा वर. त्यांना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, पण जे मला शिडीवर कळलं होतं ते त्यांना त्या पट्ट्यावर उभं राहून कळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडावरून फिरवली.

"नारळ आणाय पायजे हुता," ते म्हणाले.

गंगव्वा खाली स्वयंपाकघरात गेली आणि चटणीसाठी आणलेल्यातला एक नारळ पदराखाली घेऊन आली. आण्णांनी तो कमानीखालच्या पायरीवर फोडला. पाणी पायऱ्या उतरत चौकात गेलं. खोबऱ्याचा एक तुकडा त्यांनी गंगव्वाला दिला, एक मला, आणि कालवलेलं सिमेंट डब्यासकट तिथेच कोपऱ्यात ठेवून आम्ही निघालो. बारमधून जाताना मी ओढणी कमरेची काढली नाही. मॅनेजरने काम झालं का विचारलं. आण्णा म्हणाले, झालं.

संध्याकाळी खंडूमामा आला. आईने चहाचं आधण ठेवलं होतं. आण्णा ओट्यावर बसले होते, आणि मी अंगणात तोंडांवरची दुहेरी गोणपाटं काढून पाणी मारत होते.

"काम झालं न्हवं, दाजी?" मामाने विचारलं. "पाव्हणं वाट बघत्यात. मंग सुपारी कवा फोडायची म्हणत्यात."

आण्णा माझ्याकडे बघत होते. सगळ्यांसमोर, सरळ तोंडाकडे.

"पाव्हण्यास्नी म्हणावं, डोळं झाल्यात," ते म्हणाले. "खात्री करायची तर जाऊन बघून या. वाट ठावं हाय त्यास्नी."

 खंडूमामाने मान खाली घातली, चप्पल पायात सरकवली, आणि चहा न घेताच गेला.